लुनुगंगा : तळे दिसावे म्हणून पन्नास वर्षे

श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, कोलंबोपासून दक्षिणेला सुमारे ६० किलोमीटरवर बेंटोटा हे गाव आहे. किनाऱ्यावरच्या हॉटेलांची रांग मागे टाकून आत वळले की नदीमुखाच्या आसऱ्याने पसरलेले देद्दुवा नावाचे संथ तळे लागते आणि या तळ्यात जिभेसारख्या शिरलेल्या जमिनीच्या एका पट्ट्यावर लुनुगंगा ही वास्तू उभी आहे. जेफ्री बावा या विसाव्या शतकातील आशियाच्या अत्यंत नामवंत वास्तुकाराचे हे स्वतःचे घर. आज ते मोजक्या खोल्यांचे, महागडे आणि फार मागणी असलेले अतिथिगृह आहे आणि ‘तळ्याकाठचा आलिशान व्हिला’ अशीच त्याची ओळख करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, परंतु ती वाचून तिथे जाणारा माणूस प्रथम थोडा गोंधळतो, कारण दृष्टीस पडते ते पांढऱ्या भिंतींचे, कौलारू, बैठे आणि बऱ्यापैकी साधे घर. संगमरवरी जिने नाहीत, भव्य दर्शनी भाग नाही. जे आहे ते घराच्या बाहेर आहे आणि ते तसे होण्यासाठी १९४८ पासून पुढे पन्नास वर्षे लागली आहेत.

नावापासून सुरुवात करावी लागेल. सिंहली भाषेत ‘लुनु’ म्हणजे मीठ आणि ‘गंगा’ म्हणजे कोणतीही नदी. संस्कृतातल्या ज्या ‘लवण’ शब्दापासून आपल्याकडे लोणचे आणि अळणी हे शब्द आले, त्यापासूनच सिंहलीतला ‘लुनु’ आला आहे. त्यामुळे खाऱ्या नदीचे हे नाव मराठी कानाला परके वाटण्याचे कारण नाही. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी नदीतून आत चढते आणि तळ्याचे पाणी मचूळ होते. डोंगरातल्या निळ्याशार सरोवराची कल्पना मनात असेल तर ती इथे उपयोगाची नाही. हे तळे हिरवट-करड्या रंगाचे, कडेला झुडपांची गर्दी असलेले आणि दिवसाच्या प्रहरागणिक रंग बदलणारे आहे.

तळ्याकाठी घर बांधून तिथे निवांत राहण्याची कल्पना अर्थातच फार जुनी आहे. रोमन लेखक धाकटा प्लिनी याने आपल्या एका पत्रात कोमो सरोवराकाठच्या स्वतःच्या दोन घरांचे वर्णन केले आहे. एक खडकावर उंच उभे असलेले, त्याला त्याने ‘शोकांतिका’ असे नाव दिले होते. दुसरे पाण्याला लागून, त्याचे नाव ‘सुखांतिका’. या दुसऱ्या घराच्या शयनकक्षातून, जवळजवळ पलंगावर पडूनच, पाण्यात गळ टाकता येतो असे त्याने लिहिले आहे. सोळाव्या शतकापासून इटलीतील धर्माधिकारी आणि सरदार घराण्यांनी त्याच सरोवरांच्या काठी पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आणि व्हिला उभारले आणि पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोप पाहायला निघालेल्या श्रीमंत इंग्रज तरुणांनी ही चित्रे डोक्यात साठवून आपापल्या जहागिरींवर तळी खोदवली. या साऱ्या परंपरेचा सिलोनमधल्या, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेतल्या, एका वकिलाशी संबंध यावा हा योगायोग आहे, पण अगदीच निराधार योगायोग नाही.

जेफ्री बावा यांचा जन्म २३ जुलै १९१९ रोजी कोलंबोत झाला. वडील बेंजामिन बावा हे नावाजलेले आणि सधन वकील. त्यांच्या घराण्यात मुस्लिम आणि युरोपीय असे दोन्ही धागे होते. आई बर्था श्रेडर ही सिलोनमधल्या बर्गर समाजातली, म्हणजे डच काळापासून तिथे रुजलेल्या युरोपीय वंशाच्या कुटुंबातली. अशा घरात वाढलेल्या मुलाला इंग्रजी जग जवळचे होते आणि सिलोनही आपलेच होते, परंतु दोहोंपैकी कशातच तो पुरता मावत नव्हता. बावांच्या कामाचा विचार करताना ही गोष्ट मला कायम महत्त्वाची वाटते. पुढे त्यांनी ज्या मोकळेपणाने डच काळातले खांब, सिंहली छपरे, इटालियन पुतळे आणि चिनी रांजण एकाच अंगणात नांदवले, त्याचे मूळ कोणत्याही वास्तुसिद्धान्तापेक्षा या घरात अधिक आहे.

शिक्षण मात्र वास्तुकलेचे नव्हते. कोलंबोच्या रॉयल कॉलेजनंतर त्यांनी केंब्रिजच्या सेंट कॅथरिन्स कॉलेजात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला आणि नंतर लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेतून १९४४ मध्ये ते बॅरिस्टर झाले. महायुद्ध संपल्यावर परत येऊन त्यांनी कोलंबोत वकिली सुरू केली, परंतु तिच्यात त्यांचे मन रमले नाही. १९४६ मध्ये आई वारली. वडील आधीच गेलेले होते, हातात पैसा होता आणि मागे ओढणारे काही उरले नव्हते. वकिली सोडून ते अतिपूर्वेकडे, तिथून अमेरिकेत आणि मग युरोपात असे जवळजवळ दोन वर्षे फिरत राहिले. या भटकंतीच्या शेवटी ते इटलीत पोहोचले आणि गार्डा सरोवराकाठी एक व्हिला विकत घेऊन तिथेच कायमचे राहायचे असे त्यांनी जवळजवळ ठरवून टाकले.

गार्डाच्या काठावर रोमन काळापासून घरे आहेत. सिर्मिओने येथे एका प्रचंड रोमन व्हिलाचे अवशेष पाण्यात घुसलेल्या भूशिरावर आजही दिसतात. बावांचा तिथला व्यवहार मात्र फिसकटला. तो जमला असता तर सिलोनचा एक सुखवस्तू बॅरिस्टर इटलीत सुखाने राहिला असता आणि श्रीलंकेची संसद आज दिसते तशी दिसली नसती. १९४८ मध्ये, ज्या वर्षाच्या ४ फेब्रुवारीला सिलोन स्वतंत्र झाले त्याच वर्षी, बावा मायदेशी परतले. बेंटोटाजवळच त्यांचे थोरले बंधू बेव्हिस बावा यांची ‘ब्रीफ’ नावाची इस्टेट होती. वडिलांनी एका खटल्याच्या कमाईतून ती घेतली म्हणून तिचे हे नाव पडले, असे सांगितले जाते. सिलोनच्या गव्हर्नरांचे ए.डी.सी., म्हणजे खास सहायक अधिकारी, राहिलेल्या बेव्हिस यांनी त्या रबराच्या मळ्यात एक विलक्षण बाग फुलवली होती. धाकट्या भावाला ती पाहून आपलीही बाग असावी असे वाटले आणि इटलीत हुकलेले तळे देद्दुवाच्या रूपाने समोर आले. त्याच्या काठचा, फारशी निगा न राहिलेला एक रबराचा मळा आणि त्यातला साधा बंगला त्यांनी विकत घेतला. तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

या जमिनीला आधीची दोन आयुष्ये होती. डच राजवटीत नैर्ऋत्य सिलोनची सारी किनारपट्टी दालचिनीसाठी ओळखली जाई आणि डच कंपनीचा त्या व्यापारावर कडेकोट मक्ता होता. लुनुगंगाच्या जागीही तेव्हा दालचिनीची लागवड होती. इंग्रजांच्या काळात १८७६ मध्ये ब्राझीलमूळच्या रबराची रोपे सिलोनमध्ये आली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारीच्या टायरांमुळे रबराला भाव चढल्यावर जुन्या मळ्यांतून दालचिनी हटून रबर उभे राहिले. बावांनी जागा घेतली तेव्हा टेकडीवरचा बंगला चारी बाजूंनी या झाडांनी वेढलेला होता. म्हणजे तळ्याकाठी घर होते, पण घरातून तळे नीट दिसत नव्हते. रबराची झाडे ओळीत लावलेली, सरळसोट आणि वर पानांचे छत धरणारी असतात. त्यांच्यामधून दिसेल तेवढेच पाणी.

पुढच्या पन्नास वर्षांचे काम खरे तर या एका अडचणीतून निघाले आहे. बावांनी आधी झाडे काढली. सगळी एकदम नाही, आणि नकाशावर आखूनही नाही. एखादे झाड काढायचे, त्यातून काय दिसते ते पाहायचे, मग पुढचे ठरवायचे. बंगल्याचे प्रवेशद्वार एका बाजूचे दुसऱ्या बाजूला नेऊन त्यांनी घराचे तोंडच फिरवले. भिंती काढून ओसऱ्या केल्या, खोल्या बाहेर उघडल्या, टेकडीच्या उतारावर टप्पे बांधले. दक्षिणेकडे समोर एक टेकाड होते आणि त्यापलीकडचे पाणी त्याने झाकले होते. बावांनी माणसे लावून त्या टेकाडाचा माथा खाली आणला. जुन्या लागवडीची आठवण म्हणून ते टेकाड आजही दालचिनी टेकडी या नावाने ओळखले जाते.

या दक्षिणेकडच्या दृश्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण लुनुगंगाचे सारे मर्म त्यात एकवटले आहे. घराच्या ओसरीवर बसलेल्या माणसाला समोर हिरवळीचा एक उतार दिसतो, तो खाली जातो आणि पुन्हा अलगद दालचिनी टेकडीवर चढतो. टेकडीच्या माथ्यावर एक बकुळ आहे; सिंहलीत या झाडाला मूनमल म्हणतात. तिच्या सावलीत एक मोठा चिनी रांजण ठेवलेला आहे, आणि नजर त्या रांजणापर्यंत जाऊन तिथेच अडकण्याऐवजी पलीकडे सरकते, कारण त्याच्या मागे तळ्याच्या पाण्याचा पट्टा आणि त्याच्याही पार, दूरच्या टेकडीवर, कातकुलिया येथील बौद्ध विहाराचा पांढरा स्तूप दिसतो. रांजण, पाणी आणि स्तूप या तिन्ही गोष्टी एका रेषेत आल्या आहेत. स्तूप बावांचा नाही, तळे त्यांचे नाही. त्यांनी फक्त मध्ये एक रांजण ठेवला आणि टेकडी थोडी उतरवली, आणि मैलभर पलीकडचा प्रदेश आपल्या बागेत आणून बसवला.

या दृश्यात एक गोष्ट दिसत नाही आणि ती मुद्दाम लपवलेली आहे. घराची टेकडी आणि दालचिनी टेकडी यांच्यामधून गावकऱ्यांची वहिवाटीची वाट जाते. ती बंद करण्याचा किंवा कुंपण घालण्याचा मार्ग बावांनी घेतला नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रज बागांमध्ये एक युक्ती वापरली जाई: हिरवळीच्या मध्ये खंदक खणायचा, त्याची एक बाजू भिंतीने उभी बांधायची, म्हणजे गुरे बागेत येत नाहीत आणि घरातून पाहणाऱ्याला हिरवळ अखंड दिसते. लुनुगंगात वाट याच पद्धतीने खाली दडवली आहे. वरून पाहणाऱ्याला वाटेचा पत्ता लागत नाही आणि खालून जाणाऱ्या माणसाची ये-जा अडत नाही. श्रीमंतांच्या घरांपाशी रस्ते कसे बंद होतात हे आपण सारे जाणतो, म्हणून बावांच्या या निवडीचे मला मोल वाटते.

उत्तरेकडच्या बाजूला, जिथे टेकडी तळ्याकडे उभी उतरते, तिथल्या गच्चीवजा हिरवळीवर चाफ्याचे एक प्रचंड झाड आहे. श्रीलंकेत चाफा विहारांच्या आवारात असतोच. त्याच्या फांद्या स्वभावाने वर जातात, जाड बोटांसारख्या. बावांनी या झाडाच्या कोवळ्या फांद्यांना वजने टांगून त्या वर्षानुवर्षे खाली ओढून ठेवल्या, म्हणून आता ते झाड वर न जाता आडवे पसरले आहे आणि त्याच्या फांद्यांच्या वेटोळ्यांमधून खालचे पाणी तुकड्यातुकड्यांनी दिसते. चाफ्याची फांदी मऊ असते, जोर दिला की मोडते. तिला वाकवायचे असेल तर वजन थोडे हवे आणि वाट पाहण्याची तयारी पुष्कळ हवी. वास्तुकाराच्या नकाशात ही गोष्ट कशी दाखवणार? इमारतीच्या कागदावर भिंतीची जाडी लिहिता येते, फांदीला लागणारी वर्षे लिहिता येत नाहीत.

बाकीच्या बागेतून भराभर पुढे जातो. तळ्याच्या पातळीवर भाताची खाचरे आहेत आणि ती आखताना आकाराचाही विचार झाला आहे. एका पटांगणात रांजण मांडलेले आहेत. काठाजवळ चित्रकार-शिल्पकार लाकी सेनानायके यांनी घडवलेला बिबट्या पहुडलेला आहे. गोठा आणि कोंबड्यांचे खुराडे यांनाही बावांनी घराइतकेच लक्षपूर्वक हाताळले. बागेत ठिकठिकाणी टेबले मांडलेली असत. न्याहारी एका जागी, दुपारचे जेवण दुसऱ्या, सूर्यास्ताचे पेय तिसऱ्या, असा त्यांचा दिनक्रम उन्हासावलीच्या मागे फिरत असे. त्या जागांपाशी घंटा टांगलेल्या होत्या आणि प्रत्येकीचा आवाज निराळा होता, त्यामुळे मालक कुठे बसले आहेत हे स्वयंपाकघरातल्या माणसाला नादावरून कळे.

या बागेनेच बावांना वास्तुकार बनवले, हे त्यांच्या चरित्रातले सर्वांत उलगडा करणारे सत्य आहे. सुरुवातीलाच त्यांच्या लक्षात आले की डोळ्यांपुढे आहे ते प्रत्यक्षात आणण्याचे तांत्रिक ज्ञान आपल्याकडे नाही. म्हणून १९५१ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबोतल्या ‘एडवर्ड्स, रीड अँड बेग’ या फर्ममधले हयात असलेले एकमेव भागीदार एच. एच. रीड यांच्याकडे उमेदवारी सुरू केली. पुढच्याच वर्षी रीड वारले. मग बावा पुन्हा इंग्लंडला गेले आणि लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशनमध्ये, आपल्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान मुलांच्या बरोबरीने, नव्याने विद्यार्थी झाले. १९५७ मध्ये रीतसर वास्तुकार होऊन ते परतले तेव्हा वय ३८ होते. रीड यांच्या फर्मचे जे काही उरले होते ते त्यांनी हाती घेतले. १९५९ मध्ये उल्रिक प्लेस्नर हे डॅनिश वास्तुकार त्यांना येऊन मिळाले आणि पुढच्या काळात त्या कार्यालयाभोवती चित्रकार, विणकर, बाटिक करणारे असे कलावंत गोळा झाले. कार्यालयात तयार होणाऱ्या नकाशांमध्ये जागेवरचे प्रत्येक झाड त्याच्या जातीसकट, पानापानांसह काढलेले असे. आधी झाड, मग भिंत, हा क्रम लुनुगंगातून तिकडे गेला होता.

साठच्या दशकातली आर्थिक परिस्थिती इथे विसरून चालणार नाही. सिलोनमध्ये परकीय चलनाची टंचाई होती, आयातीवर कडक निर्बंध होते आणि पोलाद, काच, आयात केलेली सामग्री सहज मिळत नव्हती. जगभर काचेच्या पेट्यांसारखी घरे बांधली जात असताना इथल्या वास्तुकाराला वीट, चुना, कौले, स्थानिक लाकूड आणि दगड यांतूनच मार्ग काढावा लागे. बावांनी त्याचे चीज केले. बाटिक कलावंत एना द सिल्व्हा यांच्यासाठी १९६० ते १९६२ या काळात कोलंबोच्या एका लहानशा कोपऱ्यावरच्या भूखंडावर बांधलेले घर याचे ठळक उदाहरण आहे. बाहेरून बंद, आत मोकळ्या चौकाभोवती फिरणाऱ्या पडव्या, वर उतरती कौले आणि खिडक्यांना काच नाही. कँडीकडच्या जुन्या वाड्यांमधला चौक आणि आधुनिक घराची मोकळीक तिथे एकत्र आली, आणि हेच पुढे ‘उष्णकटिबंधीय आधुनिकता’ म्हणून अभ्यासले जाऊ लागले. या नावाला थोडा जड वास आहे. घरात बसून पावसाकडे पाहणाऱ्याला त्याची गरज भासत नाही.

त्यानंतरच्या कामांची यादी मोठी आहे, परंतु लुनुगंगाच्या संदर्भात पाहता पाणी हा त्यांतल्या काही कामांना जोडणारा धागा आहे. १९७६ ते १९७८ मध्ये कोलंबोच्या बैरा तलावात त्यांनी सीमा मालक ही बौद्ध भिक्षूंची जागा उभारली. पाण्यावर टेकलेले चौथरे, त्यांना जोडणारे छोटे पूल आणि निळसर कौलांचा मंडप. एका मुस्लिम व्यापारी कुटुंबाने आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ तिला पैसा दिला होता, हे नोंदवले पाहिजे. लगेच पुढे, १९७९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांच्या सरकारने कोट्टे या मध्ययुगीन राजधानीच्या परिसरात नवी संसद बांधण्याचे काम बावांवर सोपवले. जागा दलदलीची होती. बावांनी भराव टाकून ती बुजवण्याऐवजी दलदलच उपसून सुमारे १२० हेक्टरांचे तळे करण्याचे आणि मधल्या उंचवट्याचे बेट करून त्यावर इमारत ठेवण्याचे सुचवले. २९ एप्रिल १९८२ रोजी संसदेचे उद्घाटन झाले. तांब्याच्या छपरांचा तो समूह पाण्यापलीकडून, एका लांब मार्गावरून जवळ येत दिसतो. ओसरीवरून रांजण, रांजणावरून पाणी, पाण्यापलीकडे स्तूप ही जी नजरेची वाट त्यांनी स्वतःसाठी आखली होती, तिचेच हे राष्ट्रीय आकारमानातले रूप आहे असे मी मानतो.

यामागे श्रीलंकेची स्वतःची परंपराही उभी होती. कोरड्या प्रदेशातल्या राजांनी शतकानुशतके बांध घालून मोठमोठे तलाव निर्माण केले. सिंहलीत त्यांना वेवा म्हणतात. पाचव्या शतकात कश्यप राजाने सिगिरियाच्या कड्याच्या पायथ्याशी बांधलेल्या जलबागा, त्यांतली कुंडे आणि कारंजी आजही पाहता येतात. तेव्हा तळ्याकाठी वास्तू उभारणे ही बावांनी इटलीहून उचलून आणलेली हौस होती असे कोणी म्हटले, तर ते अर्धेच खरे ठरेल. गार्डाने त्यांना इच्छा दिली. तिचे काय करायचे ते या बेटाच्या भूगोलाने शिकवले.

कंदलामा हॉटेल हे या वाटेवरचे उत्तरायुष्यातले मोठे काम. ते १९९१ ते १९९४ या काळात उभे राहिले. विकासकांना हॉटेल सिगिरियाच्या पायथ्याशी हवे होते. बावांनी ती जागा नाकारली आणि दंबुल्लाजवळच्या प्राचीन कंदलामा तलावावरचा एक कडा निवडला. तिथून सिगिरिया दूर, पाण्यापलीकडे दिसतो. कड्याला बिलगून जवळजवळ एक किलोमीटर लांब पसरलेली ती इमारत आज वेलींनी इतकी झाकली गेली आहे की तलावावरून पाहताना ती पटकन ओळखूही येत नाही. मालमत्तेची किंमत दर्शनी भागावरून ठरते असे मानणाऱ्या धंद्यात वास्तुकाराने इमारत दिसेनाशी करावी, आणि ग्राहकाने ते मान्य करावे, ही घटना साधी नव्हे.

बावांच्या हॉटेलांनी आलिशानपणाची व्याख्या बदलली, याचा इथे उल्लेख हवा. बेंटोटा किनाऱ्यावरचे १९६९ चे बेंटोटा बीच हॉटेल आणि ऐंशीच्या दशकारंभीचे अहुंगल्लाचे हॉटेल, जिथे पोहण्याच्या तलावाचे पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळल्यासारखे भासते, यांमधून एक वेगळी भाषा तयार झाली: उघड्या पडव्या, स्थानिक दगड, पाण्याचे आरसे, जुनी झाडे जागच्या जागी. आग्नेय आशियातल्या महागड्या रिसॉर्टांनी ती पुढे जोमाने उचलली. या भाषेचा कसून सराव ज्या एका ठिकाणी, पाहुण्यांच्या सोयीचे किंवा नफ्याचे दडपण नसताना, दशकानुदशके चालला ते ठिकाण लुनुगंगा होते. बावांसाठी ते एकाच वेळी विश्रांतीचे घर आणि कार्यशाळा होते. आठवडाभर कोलंबोत काम करून ते शनिवार-रविवारी इथे येत आणि दर खेपेला एखादी भिंत, एखादी पायरी, एखादी फांदी हलवत. मुख्य घराव्यतिरिक्त बागेतल्या खोल्या, कलादालन आणि दालचिनी टेकडीवरचे छोटे घर या गोष्टी अशाच सत्तरीपासून नव्वदीच्या दशकापर्यंत एकेक करून आल्या. कोणताही एक आराखडा कधीच अंतिम झाला नाही.

१९९८ मध्ये बावांना पक्षाघाताचा मोठा झटका आला. त्यांचे बोलणे गेले, हालचाल थांबली. २००१ मध्ये वास्तुकलेसाठीच्या आगा खान पुरस्काराच्या समितीने त्यांना आयुष्यभराच्या कार्यासाठी विशेष अध्यक्षीय पुरस्कार दिला. २७ मे २००३ रोजी ते वारले आणि त्यांचा अखेरचा विसावा दालचिनी टेकडीवर आहे. तिथे समाधीचे बांधकाम नाही. बकुळीची सावली, हिरवळ आणि खाली पाणी.

त्यांच्यामागे घर विश्वस्त संस्थेकडे गेले. देखभालीचा खर्च मोठा असल्याने पाहुण्यांसाठी खोल्या खुल्या करणे हा मार्ग निवडला गेला आणि खाजगी घराचे अतिथिगृह झाले. अशा बदलाविषयी हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या वास्तूत रोज भिंतीपेक्षा झाडेच अधिक वाढतात, ती कुलूप लावून जपता येत नाही, हेही तितकेच खरे.

याच काळात लुनुगंगाला एक अनपेक्षित शेजार मिळाला. एना द सिल्व्हा यांच्या कोलंबोतल्या घराची जागा विकली गेली आणि २००९ च्या सुमारास घर पाडले जाण्याची वेळ आली. विश्वस्तांनी ते पाडू न देता उतरवायचे ठरवले: खांब, दारे, कौले आणि फरशीचे दगड मोजून, क्रमांक घालून सुटे केले आणि लुनुगंगाच्या जमिनीवर, तळ्याजवळ, काही वर्षांत पुन्हा जोडले. २०१५ मध्ये एना वारल्या. शहरातल्या अरुंद कोपऱ्यासाठी आखलेले, बाहेरच्या जगाकडे पाठ करून आतल्या चौकाकडे पाहणारे ते घर आता अशा जागी आहे जिथे बाहेर पाहण्यासारखे सर्व काही आहे. वास्तू तीच राहिली की नाही यावर अभ्यासकांमध्ये वाद होऊ शकतो. माझ्या मते चौकात उभे राहून वर पाहिले की तेवढ्यापुरते ते घर कोलंबोतच असते.

मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस किनाऱ्यावर येतो आणि बेंटोटाच्या परिसरात सारे काही झपाट्याने वाढू लागते. दालचिनी टेकडीच्या उतारावर नवी रोपे उगवतात, काठावरची झुडपे उंच होतात, चाफ्याच्या आडव्या फांद्यांना पुन्हा उभे कोंब फुटतात. माळी ते कापतात. दोन-तीन पावसाळे हे काम थांबले तर रांजणामागचा पाण्याचा पट्टा आधी अरुंद होईल, मग पानांमागे जाईल. म्हणून कापताना एक माणूस उतारावर कोयता घेऊन उभा असतो आणि दुसरा ओसरीवरून पाहून, कोणती फांदी काढायची आणि कोणती ठेवायची ते हाताने दाखवतो.